मुरवायला दिलेले बारा चिरूट

माझे सासरे गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी ते पद घेतलं. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते शाळेत तंबाखूवर दीड तास बोलत. तपकीर, मशेरी, गुटखा, विडी, सिगरेट अशा क्रमाने. चिरूट त्या यादीत नव्हता, कारण आमच्या गावात चिरूट कुणी पाहिलेलाच नव्हता.

तो आला जानेवारीतल्या एका दुपारी. सासऱ्यांचा एक जुना विद्यार्थी मालवाहू जहाजावर कॅप्टन झाला होता. बंदराजवळच्या मुसलमान मोहल्ल्यातला, वडिलांचा मासळीचा व्यापार. सुट्टीवर आला की पहिल्यांदा सरांना भेटायला यायचा, पायाला हात लावायचा आणि चहा होईपर्यंत खुर्चीत बसायचा नाही. त्या दुपारी त्याने पिशवीतून एक लांबट पेटी काढली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवली. आत अॅल्युमिनियमच्या बारा नळ्या. प्रत्येकीला फिरकीचं टोपण.

"सर, ह्यां तुमच्याकडे ठेवूचा आसा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी एक नळी उघडली, नाकाजवळ नेली आणि पटकन लांब धरली. "हा चिरूट आहे."

"होय सर."

"माझ्या घरात?"

"सर, घरात ठेवलंय तर आई खाडीत टाकतली. बंदरावर कोणाकडे ठेवलंय तर तो ओढून टाकतलो. अख्ख्या गावात तुमचा एकच घर असा आसा की थंय कोण ओढना नाय. म्हणान हाडलंय."

हा युक्तिवाद ऐकून सासऱ्यांनी नळीचं टोपण पुन्हा फिरवून लावलं. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना तर्कशुद्ध विचार करायला सांगितलं होतं आणि आता एक मुलगा तो करत होता. कॅप्टनने पुढे समजावलं की हे चिरूट लगेच ओढायचे नसतात. नीट ठेवले तर मुरतात, त्यांचा तिखटपणा जातो. सात वर्षांनी तो कायमचा घरी येणार होता, तेव्हा पडवीत बसून पहिला ओढणार होता. तोवर दोनच गोष्टी सांभाळायच्या: फार गरम होऊ द्यायचं नाही आणि हवेतला ओलावा शेकडा पासष्ट ते सत्तरच्या मध्ये ठेवायचा. त्यासाठी लाकडाची खास पेटी लागते, तिला ह्युमिडॉर म्हणतात.

सासूबाई चहा घेऊन बाहेर आल्या. "ह्यां काय?"

"चिरूट," सासरे म्हणाले.

"कोणाक?"

"कोणालाच नाही. मुरवायला दिलेत."

सासूबाईंनी नळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कप ठेवले आणि आत गेल्या.

माझ्याकडे हे प्रकरण आलं ते मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून. माझे यजमान गोव्यात कारखान्यात नोकरीला, शनिवारी रात्री येऊन रविवारी जाणारे. त्यांनी पेटी बघून फक्त "बरं" म्हटलं. सासरे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, मुलाने विश्वासाने ठेव ठेवली आहे. आपण तंबाखूच्या विरोधात आहोत, पण निष्काळजीपणाच्याही विरोधात आहोत." ही दोन वाक्यं त्यांनी शाळेतल्या मराठीत उच्चारली. घरात ते मालवणी बोलत; चिरुटांविषयी बोलताना मात्र, एक वेळ सोडली तर, प्रमाण मराठीच वापरलं. बहुधा त्यामुळे अंतर राहतं असं त्यांना वाटत असावं.

पेटीसाठी आम्ही गावातल्या सुताराकडे गेलो. तो देव्हारे करण्यात नावाजलेला. मापं घेताना त्याने पेन्सिल कानामागून काढली.

"मूर्ती कितक्या उंचीची?"

"सात इंच," सासरे म्हणाले.

"कितक्यो आसत?"

"बारा."

सुताराने पेन्सिल थांबवली. "बारा ज्योतिर्लिंगां काय?"

माझ्या सासऱ्यांना खोटं बोलता येत नसे, आणि बऱ्याचदा नुसतं गप्प बसणंही जमत नसे. "चिरूट," ते म्हणाले.

सुताराने पेन्सिल परत कानामागे खोचली. मग म्हणाला, "चिरूटाक घुमटी नको मगे."

त्याने शिवणीचं लाकूड सुचवलं, कारण ते पावसात फुगत नाही. झाकण इतकं घट्ट बसवलं की मिटताना आतली हवा सुस्कारा टाकून बाहेर पडायची. घुमटी केली नाही, पण हाताची सवय जाईना म्हणून पुढच्या बाजूला त्याने एक छोटं कमळ कोरलं. त्या कमळामुळे पुढे आमच्याकडे येणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या बायका पेटीला हात जोडून जात. सासरे प्रत्येकीला थांबवून सांगत, "आत देव नाही, तंबाखू आहे." त्या घाबरून आणखी एकदा हात जोडत.

मी ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. काड्यापेटीएवढं, अंक दाखवणारं. पण ते खरं सांगतं की खोटं, हे आधी तपासायला हवं होतं. त्याची रीत सोपी आहे: बाटलीच्या टोपणात जाडं मीठ घ्यायचं, दोन थेंब पाणी टाकायचं, ते टोपण आणि यंत्र एका बंद पिशवीत ठेवायचं. ओल्या मिठाभोवती ओलावा शेकडा पंचाहत्तर होतो आणि तिथेच थांबतो. आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरातलं मीठ होतंच. दुसऱ्या दिवशी यंत्राने एक्याऐंशी दाखवलं. म्हणजे ते सहा अंकांनी फुगवून सांगत होतं.

"सहा मार्क जास्त देतं," सासरे म्हणाले. "काढून टाकायचे." आणि त्यांनी यंत्राच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली: वजा सहा.

त्यानंतर एक वाद उभा राहिला. नळीचं टोपण लावून ठेवायचं की सैल? कॅप्टनने जहाजावरून कळवलं की काही लोक म्हणतात लावा, काही म्हणतात काढा. सासऱ्यांना हे उत्तर आवडलं नाही. त्यांनी सहा नळ्यांची टोपणं घट्ट लावली, सहा नळ्यांची काढून ठेवली आणि मला म्हणाले, "सात वर्षांनी कळेल. हा प्रयोग आहे." त्या दिवसापासून ते चिरूट आमच्या घरात व्यसन राहिले नाहीत.

खरी परीक्षा पावसात. माझं माहेर वैभववाडीचं, घाटाच्या पायथ्याचं, तिथे पाऊस धो धो पडतो. पण किनाऱ्यावरची ओल वेगळीच. इथे जुलैत चपला बुरशीने पांढऱ्या होतात, पुस्तकं जाड होतात, आगपेटीवर ओढली की काडी नुसती चुरगळते. सगळं गाव ओलाव्याशी भांडत असतं. जगभरची माणसं ह्युमिडॉर घेतात ते कोरड्या हवेत ओलावा टिकवायला, आणि आम्ही मात्र समुद्रापासून अर्ध्या मैलावर, बाहेर शेकडा त्र्याण्णव असताना, पेटीतला ओलावा खाली आणायला धडपडत होतो.

पेटीतलं यंत्र ब्याऐंशी दाखवू लागलं. वजा सहा, शहात्तर. सासरे अस्वस्थ झाले. त्यांनी तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या. तांदूळ दोन दिवसांत मऊ पडले. मग इथे सगळे कपाटात लावतात तसा एक लहान बल्ब कपाटात लावून त्यात पेटी ठेवली. ओलावा उतरला, पण उष्णता वाढली. आम्ही बल्ब लावायचा आणि काढायचा, काढायचा आणि लावायचा असा सप्टेंबरपर्यंत क्रम चालला. सासऱ्यांच्या स्वतःच्या खोलीत भिंतीवर हिरवं शेवाळ आलं होतं. त्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता.

पुढच्या मे महिन्यात एका चिरुटाला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं. महिन्यातून एकदा सासरे हात धुऊन, टॉवेल पसरून, बाराही चिरूट तपासत. त्या दिवशी त्यांची हाक अशी होती की मी वह्या तपासणं टाकून धावले. कॅप्टनचा निरोप आला: तंबाखूत किड्याची अंडी असतात, हवा फार गरम झाली की ती फुटतात. सगळे चिरूट पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर.

फ्रीजर सासूबाईंचा. आणि महिना मे. जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून त्यांनी तो सुरमई, बांगडे आणि कोलंबीने इतका भरला होता की दार गुडघ्याने लोटावं लागे.

"थंय खंय मावतले तुमचे चिरूट?" त्यांनी विचारलं.

"मासे काढावे लागतील," सासरे म्हणाले.

"आणि करूचे काय?"

सासऱ्यांनी याचा विचार केला होता. "खायचे."

दोन दिवस आम्ही मासे खाल्ले. सकाळी न्याहारीला तळलेले बांगडे, दुपारी सुरमईची कढी, चार वाजता चहाबरोबर कोलंबी. शेजारच्या तीन घरांना जेवायला बोलावलं. कशाबद्दल, असं पाहुण्यांनी विचारलं तेव्हा सासऱ्यांनी खरं ते सांगितलं: "फ्रीजर रिकामा करायचा आहे, त्यात चिरूट ठेवायचे आहेत." लोक हसले आणि पुन्हा भात घेतला. मग मी आणि सासूबाईंनी तो फ्रीजर सोड्याने आणि लिंबाने तीनदा धुतला. चिरूट नळ्यांत घातले, सगळी टोपणं त्या चार दिवसांपुरती घट्ट केली, नळ्या तीन पिशव्यांत गुंडाळल्या आणि आत ठेवल्या. त्या पावसाळ्यात आम्ही सुक्या बोंबलांवर दिवस काढले. सासूबाई रोज ताट वाढताना फ्रीजकडे एकदा बघत, मग नवऱ्याकडे.

भोक पडलेल्यासकट बाराही वाचले. पण सासऱ्यांनी धसका घेतला. आयुष्यभर पंख्याला चैन मानणाऱ्या त्या माणसाने कोठीच्या खोलीत एसी बसवला. चिरूट तिथे हलले. उन्हाळ्यात त्या खोलीचा गारवा सगळ्यांत आधी सासूबाईंनी ओळखला. दुपारी जेवण आवरलं की त्या चटई घेऊन आत जात आणि पेटीच्या बाजूला आडव्या होत. "वास बरो येता थंय," त्या म्हणत. सासरे सूचना करत: कुशीवर वळताना पेटीला धक्का लागू देऊ नये.

एसीने एक नवीन घोळ केला. आता खोली कोरडी पडू लागली आणि ओलावा अठ्ठावन्नवर आला. ज्या घरात चार महिने भिंती पाझरतात त्या घरात आम्ही ओलावा विकत आणायला पणजीला गेलो. तिथल्या एका दुकानात अशा पुड्या मिळतात, ज्या ओलावा कमी असेल तर देतात, जास्त असेल तर घेतात आणि बरोबर पासष्टवर थांबतात. दुकानदाराने सासऱ्यांना विचारलं, "तुम्ही कोणता ओढता?" सासरे म्हणाले, "मी अध्यक्ष आहे," आणि पुड्या पिशवीत टाकल्या.

परतीच्या एसटीत इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली. गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांत दारू आहे का ते तिथे बघतात. एक हवालदार वर चढला. बोलण्यावरून घाटावरचा. त्याने सासऱ्यांच्या मांडीवरची पिशवी उघडली आणि एक पुडी बोटांत धरून दाबली. आत काहीतरी पातळ हललं.

"आजोबा, यात काय आहे?"

"ओलावा," सासरे म्हणाले.

"काय?"

"नियंत्रित ओलावा. शेकडा पासष्ट."

हवालदाराने पुडी उजेडात धरली. "दारू नाही ना?"

"मी व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष आहे."

"बरं. मग हे कशासाठी?"

"चिरुटांसाठी."

मी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण सासऱ्यांनी हात वर केला. विचारणाऱ्याला पूर्ण उत्तर मिळालं पाहिजे, हे त्यांचं तत्त्व.

"तुम्ही चिरूट ओढता?" हवालदाराने विचारलं.

"नाही."

"घरात कोण ओढतं?"

"कोणी नाही."

"मग विकता?"

"छे!"

"मग करता काय त्यांचं?"

"मुरवतो," सासरे म्हणाले. "सात वर्षं. सध्या तिसरं चालू आहे."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे हो, हे असंच आहे. मागच्या बाकावरून एक बाई ओरडली, "सोडा ओ त्येंका! माका सावंतवाडीक फुडली गाडी धरूची आसा!" हवालदाराने पुडी परत पिशवीत ठेवली, पिशवीचं तोंड नीट दुमडलं आणि खाली उतरताना म्हणाला, "आजोबा, काळजी घ्या." कशाची, ते त्याने सांगितलं नाही.

अशी वर्षं गेली. पुड्या दर पावसाळ्यानंतर बदलायच्या, यंत्राला दरवर्षी मिठाची परीक्षा द्यायची. सासरे चौऱ्याहत्तरचे झाले, पंचाहत्तरचे झाले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यांनी तारीख ऑक्टोबरमधली मागितली, कारण पाऊस संपेपर्यंत पेटी सोडून दवाखान्यात राहणं त्यांना पटत नव्हतं. तंबाखूवरचं भाषणही चालूच होतं. उलट ते सुधारलं होतं. तंबाखूचं पान, त्यातली किण्वनाची क्रिया, किड्याचं जीवनचक्र, हे सगळं आता ते इतकं बारकाईने सांगत की मुलं पहिल्यांदाच दीड तास हलत नसत.

सहाव्या वर्षी कॅप्टन सुट्टीवर आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "सर, एक दिया बघू. चव घेतंय."

"कच्चे आहेत," सासरे म्हणाले.

"एकच, सर."

"सात वर्षं ठरलं होतं."

कॅप्टन हसला. "सर, ते माझेच आसत."

"उत्तरपत्रिका मुलांच्याच असतात," सासरे म्हणाले. "निकालाआधी देतो का आपण?"

एवढं मोठं जहाज चालवणारा तो माणूस "नाय सर" म्हणाला आणि कप खाली ठेवून गेला.

सातव्या वर्षी, डिसेंबरमध्ये, तो कायमचा परत आला. केस पिकले होते. आदल्या पावसाळ्यात त्याची आई गेली होती. तो तेव्हा समुद्रावर होता, दफनाला पोचू शकला नाही. हे त्याने पडवीत बसून, आमच्या अंगणाकडे बघत सांगितलं. सासरे त्याच्या शेजारी बसून राहिले. सासूबाईंनी त्याला जबरदस्तीने जेवू घातलं. चिरुटांचा विषय कुणी काढला नाही. आठ दिवसांनी तो स्वतःच आला आणि म्हणाला, "सर, आज बघूया."

सासऱ्यांनी प्रयोगाची तयारी केली होती. टोपण लावलेला एक आणि टोपण काढलेला एक, असे दोन चिरूट. कुठला कुठला ते ओढणाऱ्याला कळू नये म्हणून मी त्यांना नळीतून काढून दोरे बांधले, एकाला तांबडा आणि एकाला पांढरा. रंगाचा अर्थ फक्त मला माहीत. सासरे कागद-पेन घेऊन खुर्चीत बसले. ते स्वतः ओढणार नव्हते. त्यांचं काम निरीक्षणाचं. चार वाजले होते, ऊन पडवीच्या पायरीपर्यंत आलं होतं.

पहिली अडचण कापण्याची. चिरुटाचं बंद टोक कापावं लागतं आणि त्याचं हत्यार कॅप्टन विसरून आला होता. तो चाकू मागत होता तेवढ्यात सासूबाई आतून आपला अडकित्ता घेऊन आल्या. त्यांनी चिरूट हातात घेतला, बोटं हलकेच दाबत टोकापर्यंत नेली आणि सुपारी कातरावी तसा नेमका कापला. दुसराही.

मग पेटवणं. समुद्राकडून वारा होता. कॅप्टनच्या सहा काड्या विझल्या. सातवीने चिरूट एका बाजूने काळा झाला आणि बाकीचा तसाच राहिला. कॅप्टनने जोरात ओढलं, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. त्याने दुसरा घेतला. पुन्हा ठसका. सासरे पेन धरून थांबले होते.

"कसो आसा?" त्यांनी विचारलं. उत्सुकतेत ते प्रमाण मराठी विसरले.

कॅप्टनने एकदा तांबड्याचा, एकदा पांढऱ्याचा झुरका घेतला. पुन्हा एकदा. मग त्याने दोन्ही चिरूट राखेसाठी ठेवलेल्या वाटीच्या काठावर ठेवले.

"सर, खरा सांगू? माका काय कळना नाय."

"फरक कळत नाही?"

"फरक नाय, चव नाय, कायच नाय. मी कधी चिरूट ओढूकच नाय, सर. एका बंदरावर एका एजंटान भेट दिल्यान. माका वाटला, घरी इल्यावर चिरूट ओढणारो कॅप्टन होयन." तो खाली बघू लागला. "सिगरेट पण मी कधी ओढलंय नाय. तुमचा भाषण आयकलेला ना."

सासऱ्यांचं पेन कागदावर टेकलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला. सात वर्षांचा प्रयोग, बारा नमुने, आणि निष्कर्ष काढणारं माणूसच नाही. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

तेव्हा सासूबाई पुढे आल्या. पेटीत पडलेली देवदाराची पातळ पट्टी, जी प्रत्येक नळीत चिरुटाभोवती गुंडाळलेली असते, ती त्यांनी उचलली, चुलीजवळ जाऊन निखाऱ्यावर पेटवली आणि हाताच्या आडोशाने बाहेर आणली. पायरीवर बसून त्यांनी तांबड्या दोऱ्याचा चिरूट ओठांत धरला, ती ज्योत त्याच्या टोकाभोवती सावकाश फिरवली आणि गाल आत घेत दोन लहान झुरके घेतले. टोक सगळ्या बाजूंनी सारखं लाल झालं. त्यांनी धूर तोंडात ठेवला, मग सोडला. ठसका नाही. तो ठेवून त्यांनी पांढऱ्याचं तसंच केलं.

"तांबड्याचो बरो," त्या म्हणाल्या. "गोड लागता, वास सगळो आत ऱ्हवलो हा. पांढऱ्याचो उडान गेलो." आणि दोन्ही वाटीत ठेवून त्यांनी पदराने ओठ पुसले.

तांबडा म्हणजे टोपण लावलेला. मी ते सांगितलं. सासऱ्यांनी लिहिलं नाही. ते बायकोकडे बघत होते. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती.

"तुला हे कुठून…"

"आजयाकडसून," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर दोडामार्गाकडचं. "आजो घाटावरसून पान हाडी. मडक्यात घालून चुलीवरच्या माळ्यार ठेवी, दोन दोन वर्षां. मगे विडी वळी. ती चुलीर पेटवून दिवचा काम माझा. तोंडात घेतल्याशिवाय पेटता काय ती? आठ-नऊ वर्षांची आसतलंय."

"मग सात वर्षं तू काही बोलली नाहीस?"

"तुमका शिकवतलंय मी?" त्या म्हणाल्या, आणि अडकित्ता पुसायला घेतला.

कॅप्टनने उठून त्यांच्या पायाला हात लावला. उरलेले दहा घरी घेऊन जा, असं सासरे त्याला म्हणाले, पण तो नको म्हणाला. घरात आता टाकून देणारं कुणी नव्हतं, आणि तसल्या घरात ते ठेवावेसे त्याला वाटत नव्हते. ते दहा चिरूट आमच्याकडेच आहेत, सगळ्यांची टोपणं लावलेली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी समितीचा राजीनामा लिहिला. 'माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली, माझ्या पत्नीने तंबाखूचे सेवन केले.' सासूबाईंनी तो चष्मा लावून वाचला. "सेवन काय? पारख म्हणा," त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी खाडाखोड करून पारख लिहिलं. समितीचा चिटणीस कागद घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला: राजीनामा मंजूर करायला अध्यक्षांची सही लागते. सासऱ्यांनी चौकटीत सही केली, तारीख घातली, आणि मोकळे झाले.

नंतरचे काही दिवस ते घरात वेगळेच वागत. सासूबाई भाजी चिरत असल्या की समोर येऊन बसत आणि काहीतरी विचारत. मडकं केवढं होतं, माळा किती उंच, आजा कुठल्या वाटेने घाट चढायचा. त्या आधी चिडल्या, मग सांगू लागल्या. पंधरा दिवसांनी ते दोघं सकाळच्या एसटीने दोडामार्गला गेले. लग्नाकार्याव्यतिरिक्त सासरे तिथे कधी गेले नव्हते.

दोघं उजेड असतानाच परतले. आजोबांच्या घराच्या जागी आता कुणाची तरी रबराची लागवड होती. झाडांना वाट्या बांधलेल्या, वाट्यांत पांढरा चीक. विहीर तेवढी राहिली होती. सासऱ्यांचा गुडघा सुजला होता तरी ते खुशीत होते, हातात केळीचा एक फणा होता. ते पाणी प्यायला आत गेल्यावर सासूबाई पायरीवर टेकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "रानात उभे ऱ्हवान माका इचारल्यानी, चुलीकडे तू खंय बसायस? मी दाखवलंय. मगे थंय हे पण बसले."

आणि पाय धुवायला मागीलदारी गेल्या.